हो, मीच आहे

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा मुंबईहून एक माणूस येतो आणि इंटरनेटवर सुरक्षित कसं राहायचं ते आम्हाला शिकवतो. आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. बोईसरच्या एमआयडीसीत औषधांचे, रंगांचे कारखाने आहेत, त्यांना खोके लागतात, आणि कुठले खोके कुठल्या गाडीत चढले ते मी बघते. आमच्याकडून चोरायचं म्हटलं तरी खोकेच चोरावे लागतील. तरीही तो माणूस तळमळीनं सांगतो की मेलला मोबाईल नंबर जोडा, ब्राउझर अपडेट ठेवा, कुणी अनोळखी कॉम्प्युटरवरून तुमच्या खात्यात शिरायला लागलं तर तुमच्या फोनवर ताबडतोब विचारणा येईल. त्याचं बोलणं संपलं की आम्ही टाळ्या वाजवतो आणि जेवायला जातो. मीही वाजवल्यात. हल्ली मात्र तो दिसला की मला राग येतो. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही हे कळतं, तरी येतो.

कारण आहे माझी भाची.

ती माझ्या बहिणीची मुलगी, माकुणसारची. पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि लगेच तिचं लग्न लावून दिलं, किनाऱ्यावरच्या एका गावात. घरची बोट, घरची माणसं चांगली, असं जो तो सांगत होता. लग्नाच्या पंगतीत मी मोठ्यानं म्हटलं की आमची पोरगी शिकलेली आहे, नोकरी करणार. तिची सासू समोरच उभी होती. ती म्हणाली, "आमच्या बायका बाजार करतात, हापिस नाय." मी म्हटलं, मग आता करतील. त्यावर ती काहीतरी बोलली, मी त्याहून जास्त बोलले, आणि जेवण अर्धवट टाकून मी उठले. तेव्हापासून त्या घराशी माझं बोलणं बंद. माझ्या जिभेनं माझं आयुष्यभर नुकसानच केलंय, पण त्या एका खेपेला तिनं उपकार केले. पुढं भाची घर सोडून निघाली तेव्हा तिचा नवरा माकुणसारला जाऊन आला, वाणगावच्या तिच्या मैत्रिणीकडं जाऊन आला, पण बोईसरला माझ्या दारात आला नाही. मावशीचं नि आपलं वाकडं, म्हणजे बायकोचंही तिच्याशी जमत नसणार, असं त्यानं धरून चाललं होतं.

तो मारायचा. हे सांगायला मला दुसरे शब्द वापरायचे नाहीत. आधी पिऊन, मग न पिताही. तिचा मोबाईल त्यानं भिंतीवर आपटला होता, म्हणून ती माझ्याकडं आली तेव्हा तिच्याजवळ फोन नव्हता. बोट समुद्रात गेलेली बघून ती बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडली होती. त्या पिशवीत एक ड्रेस, पदवीचं सर्टिफिकेट आणि कोथिंबीर होती. कोथिंबीर का, तर कुणी विचारलं तर बाजारातून येतेय असं वाटावं. मी ती कोथिंबीर निवडत बसले, कारण तिच्या गालाकडं मला बघवत नव्हतं.

पण ती नुसती पळून आलेली नव्हती. गणपतीत माहेरी गेली होती तेव्हा तिनं तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात गुपचूप मुलाखत दिली होती. लॅबमधली नोकरी. त्या दिवसापासून ती तिकडून येणाऱ्या उत्तराच्या भरवशावर दिवस काढत होती. माझ्या फोनवरून तिनं कारखान्यात चौकशी केली तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तुमची निवड झालीये मॅडम, मेल पाठवलाय. त्यातली लिंक उघडून होकार कळवा, मुदत संपायच्या आत." भाचीनं विचारलं, दुसऱ्या मेलवर पाठवाल का? ती म्हणाली, मेल बदलता येतो, पण त्यासाठी जुन्या मेलवर एक कोड येईल, तो टाकावा लागेल. सुरक्षेसाठी असतं मॅडम ते.

आणि तो जुना मेल होता नवऱ्याच्या फोनमध्ये.

हे कसं झालं ते सांगते, कारण शहरातल्या माणसाला ते वेडेपणाचं वाटेल. तिच्या सासरच्या वाडीत कुणीच पुरुष मोठा फोन समुद्रावर नेत नाही. खारं पाणी लागलं की तो कामातून जातो. बोटीवर जातो तो बटणांचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. मोठा फोन घरी बायकांच्या ताब्यात राहतो. गिऱ्हाइकाचा निरोप, बोटी कधी लागणार ते, नातवंडांची गाणी, सगळं त्या एकाच फोनवर. घरातल्या सगळ्यांची खाती त्यातच. लग्न झाल्यावर नवऱ्यानं तिचा मेलही त्याच फोनमध्ये जोडला, खात्याला नंबर आपला दिला, आणि खातं अडकलं तर सोडवायला पत्ताही आपल्याच मेलचा दिला. तेव्हा तिला ते मायेचं वाटलं होतं. मलाही वाटलं असतं.

तर त्या संध्याकाळी ती माझ्या लॅपटॉपसमोर बसली. पासवर्ड तिला पाठ होता. तिनं ब्राउझरची ती काळी, खाजगी खिडकी उघडली, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर काही मागं राहायला नको. मेल टाकला, पासवर्ड टाकला, आणि 'पुढे' दाबायला बोट उचललं. मी तिचं मनगट धरलं. ती दचकून मागं सरली, मारणार असल्यासारखी. मला लाज वाटली.

"थांब," मी म्हटलं. "आधी माझ्या खात्यावर करून बघू."

मला आठवलं होतं की नवीन मशीनवरून शिरलं की फोनवर काय काय येतं. माझ्या खात्यानं आम्ही त्याच काळ्या खिडकीतून शिरलो. पुढच्या क्षणी माझा फोन थरथरला. पडद्यावर माझा गोल फोटो, खाली प्रश्न: साइन इन करणारे तुम्हीच आहात का? त्याखाली, कुठल्या प्रकारचा कॉम्प्युटर, आणि 'बोईसर, महाराष्ट्र याच्या जवळ'. मग दोन बटणं, एक निळं, 'हो, मीच आहे', एक 'नाही'. कधीकधी ते बोईसरच्या जागी मुंबई दाखवतं, नेटवाल्यांच्या कृपेनं. त्या दिवशी बरोबर बोईसर दाखवलं. भाची ते नाव बघत राहिली. वर गंमत अशी की काळी खिडकी उघडली नसती, तर मेलनं माझ्या लॅपटॉपला जुनी ओळख म्हणून सोडलं असतं. आपण जेवढं लपावं तेवढी ती यंत्रं आपल्याला परकं समजतात आणि तेवढी जास्त चौकशी करतात.

यात चूक कुणाची, मी खूप विचार केला. चोर दूर कुठंतरी असतो आणि फोन आपल्या माणसाच्या हातात असतो, असं धरून हे सगळं बांधलंय. ज्याच्या हातात तुझा फोन, तोच तू. आमच्याकडं ज्याच्यापासून लपायचं तोच त्या फोनचा मालक होता. तिला तिच्या खात्यात शिरायचं तर मारणाऱ्याच्या घरी प्रश्न जाणार, आणि प्रश्नाबरोबर ती कुठं बसलीये तेही जाणार. त्या रात्री मला कुणाला तरी शिव्या घालायच्या होत्या आणि समोर कुणीच नव्हतं. मी लॅपटॉप आपटून बंद केला, एवढंच.

"नोकरी सोडून दे ही," मी म्हटलं. "दुसरी बघू."

"नाय," ती म्हणाली. "मी याच्यावरच घर सोडलंय, मावशी."

मग आम्ही ठरवलं की बोईसरहून करायचंच नाही. पालघरला जायचं. तिथं कोर्ट, कलेक्टर कचेरी, बाजार, सगळ्या तालुक्याची माणसं कामाला येतात. पालघर दिसलं तर दिसू दे. माकुणसारहून माझ्या बहिणीनं कळवलं की त्या गावच्या बोटी गेल्यात. म्हणजे नवरा समुद्रावर आणि मोठा फोन सासूजवळ.

"पण 'हो' दाबणार कोण?" मी विचारलं.

"सासू. तिला वाचता नाय येत. फोनवर काय पण आलं की ती दाबून बघते. न दाबता राहवतच नाय तिला."

"आणि 'नाही' दाबलं तर?"

तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती रिक्षात बसली. बोईसरच्या निम्म्या मुली धुळीपायी तसंच बांधतात, त्यामुळं कुणी वळूनही बघत नाही.

पालघरला स्टेशनजवळ झेरॉक्स आणि इंटरनेटचं एक दुकान आहे. आतल्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर आम्हाला मिळाला. ब्राउझरनं पहिल्याच फटक्यात विचारलं, पासवर्ड साठवून ठेवू का? मी त्याला तोंडानंच "मुळीच नको" म्हटलं, दुकानदारानं वर बघितलं. मग पडद्यावर आलं: तुमच्या फोनवर विचारणा पाठवली आहे, फोन उघडा आणि 'हो, मीच आहे' दाबा. खाली एक चक्र गरगरत होतं. आम्ही दोघी त्या चक्राकडं बघत बसलो. मला तिचं सासरचं घर दिसत होतं, पुढचं अंगण, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि कुठंतरी पडलेला तो फोन. चक्र थांबलं. वेळ संपली, उत्तर आलं नाही.

"पुन्हा पाठव," मी म्हटलं.

तिनं पुन्हा पाठवलं. माझा हात तिच्या पाठीवर होता. मी मनातल्या मनात त्या सासूला, जिच्याशी मी लग्नात भांडले होते त्या बाईला, हात जोडत होते की दाब गं बाई, निळं दाब. आणि एकाएकी पडदा बदलला. मेल उघडला होता.

पुढचं सगळं आम्ही भराभर केलं. कारखान्याचं पत्र सापडलं, कुणीच न उघडलेलं, लिंक उघडली, होकार गेला. मग तिनं खात्याच्या सुरक्षेचं पान काढलं. तिथं तिच्या खात्यात शिरलेल्या फोनांची नि मशीनांची नावं होती. नवऱ्याच्या फोनच्या नावावर तिनं बोट ठेवलं, 'काढून टाका' दाबलं, पासवर्ड बदलला, त्याचा नंबर आणि मेल काढून माझा नंबर घातला. मी म्हटलं, शाबास. आता त्या मेलवाल्यांनाही कायमचं माहीत झालं होतं की ही पोरगी आणि ही बाई एकमेकींच्या कोणीतरी आहेत. पण तेवढं सोसायची माझी तयारी होती. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि ती कितीतरी दिवसांनी हसली.

नवरा परत आला तेव्हा त्याला कळलंच. खात्यातून आपण काढले गेलो, ही सूचना त्याच्या मेलवर गेली होती, आणि पालघरचं नाव त्यात होतं. तो माकुणसारला जाऊन माझ्या बहिणीच्या ओट्यावर बसून राहिला. मग पालघर स्टेशनच्या आसपास तो दिसतो असं कानावर आलं. भाचीनं पालघरकडं जाणंच टाकलं. कारखाना ते माझं घर, तोंडाला स्कार्फ, सहा आसनी रिक्षा. पगार तिचा, डबा तिचा, आणि दाराची बेल वाजली की ती न्हाणीत जाऊन उभी राहायची. माझाही जीव बेलीला भ्यायला लागला होता. दूधवाल्याला मी सांगितलं की बेल न वाजवता पिशवी कडीला अडकव.

असे दिवस चालले असताना एका रविवारी मी बोईसरच्या बाजारात गेले. सुकी मासळी घेऊन बायका ओळीनं बसतात, तिकडून जात होते. कुणीतरी हाक मारली.

"ओ मावशीबाई. थांबा जरा."

भाचीची सासू होती. बोंबलाची टोपली पुढ्यात, शेजारी तिच्याच गावच्या दोघी. ती या बाजाराला कधी येत नसे, हे मला भाचीकडून माहीत होतं. मी तोंड फिरवून जाणार होते, पण तिचा चेहरा बघून पाय थांबले. ती म्हातारी दिसत होती. लग्नात माझ्याशी भांडली ती बाई अशी नव्हती.

"भांडण नाय करायचा मला," ती म्हणाली. "येक इचारायचा होता. पोरीचा मला फोन आलता."

मी टोपलीपुढं वाकले. "कसला फोन?"

"बोट भायेर होती तवा. तिचा गोल फोटू आला ना फोनवर. पयल्या खेपेला माझे हात वले, मी बोंबील घालत होती, धावत आली तवर बंद झाला. मंग परत आला. त्या खेपेला मी उचलला. निळा दाबला नि उचलला."

मला सगळं कळलं होतं आणि ते कळणं तोंडावर येऊ द्यायचं नव्हतं.

"लय बोलली मी," ती म्हणाली. तिनं आवाज खाली आणला, शेजारणींकडं एकदा बघितलं. "तिला बोलली, पोरी, हितं येऊ नको. तो रडंल, पाया पडंल, तरी येऊ नको. त्याच्या बापाला मी सोसला, तू नको सोसू. आन तो मारायचा तवा मी पडवीत बसून राहायची, आत नाय आली कदी, त्याची पन माफी मागितली. सगळा बोलली. ती काय बोललीच नाय. हूं नाय का चूं नाय." तिनं एक बोंबील उचलून परत टोपलीत टाकला. "रागावली असंल. का आयकलाच नाय तिनं? आन आता तिचा फोटू पन नाय येत त्या फोनवर. पुसलान कुनी तरी."

शेजारची बाई आता उघड ऐकत होती. मी त्या बाईकडं बघितलं, मग टोपलीकडं. एक शब्द म्हटला असता की ऐकलं तिनं, तर त्या म्हातारीचा जीव निवला असता. पण मग भाची माझ्याकडं आहे हेही सांगून झालं असतं. संध्याकाळी त्या बायका एकाच रिक्षानं परत जाणार, आणि बोट लागली की त्या घरात तो येणारच होता. त्याच्यापुढं म्हातारी किती टिकेल, ते तिनंच मला आत्ता सांगितलं होतं.

"मला नाही माहीत ती कुठं आहे," मी म्हटलं. "माझ्याशी बोलत नाही ती."

"तुमाला पन नाय म्हाईत?"

"नाही."

तिचा खालचा ओठ हलला. मग ती गिऱ्हाइकाकडं वळली आणि बोंबील मोजायला लागली. मी काही न घेताच बाजारातून निघाले. रस्त्यात मला स्वतःची इतकी चीड आली की रिक्षावाल्याशी मी उगाचच भांडले.

घरी भाची डोक्याला तेल लावत बसली होती. तिला सांगावं की नाही, हे मी जिना चढेपर्यंत ठरवू शकले नाही. दार उघडलं आणि सांगून टाकलं. फोटो, ओले हात, निळं बटण, सासू काय काय बोलली, आणि मी काय उत्तर दिलं तेही. ती तेलाचा हात तसाच धरून ऐकत होती. त्या दुकानात आम्ही दोघी चक्राकडं बघत होतो तेव्हा पलीकडं ती बाई फोन कानाशी धरून बोलत होती, आणि आम्हाला एक शब्द आला नव्हता. आम्हाला फक्त मेल उघडलेला दिसला होता.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. हात पुसून तिनं लॅपटॉप ओढला.

"मावशी, मी आता त्या काळ्या खिडकीतून शिरले, तर माझा फोटो जाईल ना तिच्याकडं? नुसता फोटो? बोट गेलीय, तो घरी नाय."

"नाही जाणार," मी म्हटलं. "तो फोन आपण काढून टाकलाय."

"परत जोडता येईल?"

"येईल. पण मग तो परत जोडलेलाच राहील."

तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं नाही. पडद्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "ती आता फोन हातातून खाली ठेवत नसंल."

"हो," मी म्हटलं, आणि दाराची कडी नीट लागलीय का ते बघायला उठले.